डिसेंबरात लागलेला वॉलाय फेब्रुवारीत कुठे शोधायचा

तू विचारलंस ते थोडक्यात असं: "काका, मिनेसोटातला आमचा हा दुसरा हिवाळा. नाताळच्या आधी आमच्या तळ्यात पश्चिमेच्या टोकाजवळ, १२ फूट पाण्यात, संध्याकाळच्या तासाभरात तीन-चार वॉलाय मासे लागायचे. जानेवारीच्या मध्यापासून बर्फात पाडलेल्या त्याच भोकांवर बसतोय. आमिष तेच, वेळ तीच, पण एक मासा नाही. तळ्यातले मासे संपले, की बर्फ जाड झाल्यावर ते खायचेच बंद होतात?"

दोन्ही नाही. मासे तळ्यातच आहेत, आणि खातही आहेत. मादीच्या पोटात शरद ऋतूपासून अंडी भरत असतात. वसंतात बर्फ गेला की ती घालायची असतात, तेव्हा हिवाळाभर उपाशी राहणं तिला परवडत नाही. ते फक्त तुझ्या भोकाखालून हलले आहेत. किती लांब, हे तळ्यावर अवलंबून. कधी दीडशे पावलं, कधी दोन मैल.

मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा. लहानपणी आजोबांबरोबर खाडीत गरवायला जायचो. तांबोशी कुठे सापडेल असं विचारलं की ते जागा सांगायचे नाहीत, आधी पाण्याकडे बघायचे. भरती असेल तर ती कांदळवनाच्या मुळांत शिरलेली, ओहोटी लागली की खोल धारेत उतरलेली. मासा तोच, खाडी तीच, फक्त पाणी फिरलेलं. इथे मला बावीस हिवाळे झाले, आणि आजही मी वॉलाय याच हिशेबाने शोधतो. तळ्याला भरती-ओहोटी नसते, पण बर्फाखाली एक संथ ओहोटी चालू असते. डिसेंबरात लागते, जानेवारी-फेब्रुवारीत तळ गाठते आणि हिवाळा सरता सरता फिरते. तू भरतीच्या जागेवर ओहोटीत बसला आहेस, एवढंच झालं आहे.

ही ओहोटी थंडीमुळे लागते असं बरेच जण सांगतील. खोल पाणी उबदार, म्हणून मासा खोल जातो, असं. यात तथ्य थोडं आहे. पाणी सगळ्यात जड असतं ४ अंश सेल्सिअसला. त्यामुळे बर्फाला चिकटलेलं पाणी शून्याजवळचं आणि तळाचं फार तर ४ अंशांचं. एवढ्याशा फरकासाठी वॉलाय अख्खा हिवाळा आखत नाही. त्याला हलवणाऱ्या गोष्टी तीन: खाणं, प्राणवायू आणि उजेड. शेवटी चौथी येते, अंडी घालायची जागा. या चार गोष्टी आज कुठे आहेत हे कळलं की मासा कुठे आहे ते कळतं.

उजेडाचं आधी सांगतो, कारण या माशाचं नावच त्याच्या डोळ्यावरून पडलं आहे. टॉर्च मारली तर वॉलायचा डोळा मांजरासारखा चमकतो. डोळ्याच्या पडद्यामागे उजेड परत फेकणारा थर असतो, त्यामुळे अंधुक पाण्यात त्याला स्पष्ट दिसतं. त्याचं आवडतं भक्ष्य म्हणजे पिवळा पर्च. तो त्याच्याच कुळातला, पण त्याच्या डोळ्यात हा थर नाही. सूर्य मावळताना अशी एक वेळ येते की पर्चला नीट दिसेनासं होतं आणि वॉलायला अजून लख्ख दिसत असतं. ती पाऊण तासाची वेळ म्हणजे त्याचं जेवणाचं ताट. स्वच्छ पाण्याच्या तळ्यात हा नियम कडक चालतो: सूर्यास्ताच्या आगेमागे, पहाटे, आणि थोडं रात्री. चहासारख्या तपकिरी किंवा गढूळ पाण्यात उजेड आधीच कमी, तिथे तो भर दुपारीही खातो आणि अंधार पडल्यावर उलट थंडावतो. तुझ्या तळ्याचं पाणी कसं आहे ते तू लिहिलं नाहीस. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून स्वतःची बोटं दिसत होती का, आठवून बघ. उत्तर तिथेच मिळेल.

आता डिसेंबर. नवा बर्फ चार-सहा इंच, वर हिमाचा जाड थर अजून नाही, उजेड आत शिरतो. उथळ भागातलं पाणगवत अजून हिरवं असतं आणि प्राणवायू देत असतं. त्या गवतात शायनर नावाचे छोटे मासे आणि पर्चची पिल्लं लपलेली. साहजिकच वॉलाय किनाऱ्याजवळ. तुझं ते पश्चिमेचं टोक हे तर शिकवणीतलं उदाहरण आहे: जमिनीचं नाक पाण्यात गेलेलं, दोन्ही बाजूंना उतार, खाली खोल पाणी. दिवसा मासा उतारावर किंवा खाली थांबतो, संध्याकाळी नाकावर चढून खातो आणि परत उतरतो. या काळात ८ ते १५ फूट पाणी, हिरव्या गवताची बाहेरची कड, गोट्यांचं टोक आणि त्याला लागून खोल पाणी, एवढं मिळालं की फार शोधावं लागत नाही. तू नवखा असून तुला मासे मिळाले ते यामुळेच. यात तुझं श्रेय कमी होत नाही, जागा तू बरोबर निवडली होतीस.

या दिवसांत एक पथ्य मात्र पाळ. पाणी उथळ, बर्फ पातळ आणि काचेसारखा पारदर्शक, त्यामुळे वरचं पाऊल खाली ऐकू जातं. सूर्यास्ताच्या तासभर आधी सगळी भोकं पाडून ठेव, आणि मासे चढायच्या वेळी ऑगर, म्हणजे बर्फाला भोक पाडायचं यंत्र, चालवू नकोस.

मग हिम पडतं. इथून ओहोटी लागते.

बर्फावर फूटभर हिम साचलं की खाली अंधार होतो. गवताला उजेड मिळत नाही, ते तपकिरी पडतं, कुजायला लागतं. जे गवत प्राणवायू देत होतं तेच आता खायला लागतं. पिल्लं तिथून निघतात किंवा संपतात. वॉलायला त्या टोकावर येण्याचं कारणच उरत नाही. खाली कॅमेरा सोडलास तर दिसेल: डिसेंबरात ताठ, हिरवी असलेली पानं जानेवारीत तळावर लोळलेली असतात. कॅमेरा नसेल तर गळाला अडकून आलेलं गवत बघ. हिरवं आणि कुरकुरीत असेल तर थांब, काळपट आणि बुळबुळीत असेल तर सामान उचल. एखाद्या वर्षी हिम कमी पडतं, बर्फ उघडाच राहतो, तेव्हा गवत जानेवारी संपेपर्यंत जिवंत राहतं आणि मासेही राहतात. म्हणून मी तारखेवर कधी विसंबत नाही. दोन तळी शेजारी असली तरी त्यांचे दिवस वेगळे असतात.

मग मासे जातात कुठे? खाण्यामागे. जानेवारीत तळ्यातलं मोठं कोठार म्हणजे चिखल. मेफ्लाय या कीटकाच्या अळ्या मऊ चिखलात बिळं करून राहतात, शिवाय लाल रक्तकिड्यांचा खच असतो. पर्च ते टिपत फिरतात आणि पर्चच्या मागे वॉलाय. पण वॉलाय नुसत्या चिखलाच्या सपाट मैदानात भटकत नाही. तो थांबतो तिथे, जिथे कडक तळ संपतो आणि मऊ चिखल सुरू होतो. उताराची पायथ्याची कड, पाण्याखालच्या उंचवट्याची बाजू, खोल पाण्यातलं एकटं खडप. हिवाळ्याच्या मधल्या दिवसांत मी फक्त याच कडा शोधतो. माझ्या मते या काळातला निम्म्याहून जास्त मासा या अरुंद पट्ट्यात असतो, आणि नवखे लोक त्याच्या एका नाहीतर दुसऱ्या बाजूला बसून राहतात.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण मिल लॅक्स. एक लाख बत्तीस हजार एकरांचं तळं आणि जास्तीत जास्त खोली ४२ फूट, म्हणजे पसरट परातच. त्याच्या दक्षिण भागात गोट्यांची खडपं आहेत, उत्तर भागात चिखलाची पठारं. त्यांना तिथे 'मड फ्लॅट' म्हणतात. पठाराचा माथा साधारण २० ते २८ फुटांवर आणि भोवताली ३० फुटांच्या पुढे. उतार जेमतेम काही फुटांचा, पण त्या काही फुटांत सगळं घडतं. वॉलाय दिवसा पठाराच्या पायथ्याशी, संध्याकाळी कडेवर आणि माथ्यावर. कडेचा एखादा भाग बोटासारखा बाहेर आलेला असेल किंवा आत वळलेली खोबण असेल तर तिथे ते गोळा होतात.

माझा पहिला जानेवारी तुझ्यासारखाच गेला. सलग आठ संध्याकाळी मी एकाच भोकावर बसलो, कारण डिसेंबरात तिथे मासा लागला होता आणि मला ती जागा 'माझी' वाटायची. नवव्या दिवशी बर्फावरच्या शेजारच्या झोपडीतले एक वयस्कर गृहस्थ बाहेर आले. ते तिथले जुने मच्छीमार. त्यांनी मला काही शिकवलं नाही, फक्त "चल" म्हणाले. आम्ही पाव मैल आत चालत गेलो. त्यांनी उताराला आडवी, सरळ रेषेत वीस भोकं पाडली. पहिलं २२ फुटांवर, शेवटचं ३३ वर. मग शिशाचा गोळा तंगुसाला बांधून प्रत्येक भोकात टाकत गेले. कडक तळावर गोळा टक्कन लागायचा आणि लगेच सुटायचा. चिखलात तो रुतायचा, वर ओढताना किंचित धरून ठेवल्यासारखं वाटायचं. तेराव्या-चौदाव्या भोकाच्या मध्ये ते बदललं. आम्ही तिथे बसलो. अंधार पडायच्या आत पाच वॉलाय वर आले. पहिल्या बारा भोकांत त्या संध्याकाळी काहीच नव्हतं. नंतर मी फ्लॅशर (तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) घेतला, नकाशे घेतले, पण तळ बदलतो ती जागा हाताला लागल्याशिवाय मला आजही चैन पडत नाही.

फ्लॅशर असेल तर हेच पडद्यावर दिसतं. कडक तळाची पट्टी रुंद आणि ठळक, बऱ्याचदा खाली दुसरा प्रतिध्वनीही उमटतो. चिखलाची पट्टी बारीक आणि फिकी. मात्र सगळ्या भोकांवर यंत्राचा जोर एकसारखा ठेव, नाहीतर तुलना फसते.

आणि भोकं मोजायला लाजू नकोस. फेब्रुवारीत बर्फ दोन फुटांच्या वर जातो, ऑगरची बॅटरी संपते, खांदे भरून येतात, म्हणून माणूस चार भोकांवर समाधान मानतो. मी मधल्या दिवसांत तीस भोकांच्या खाली येत नाही. प्रत्येकात दहा मिनिटं. पडद्यावर काहीच आलं नाही तर पुढचं. काहीतरी येऊन बघून गेलं तर आणखी दहा. दुपार अशी शोधण्यात घालवायची आणि सूर्य कलला की सगळ्यात चांगल्या दोन-तीन भोकांवर मुक्काम करायचा. दुपारी बसून राहणारा आणि संध्याकाळी घाबरून फिरणारा, असे लोक मी दर शनिवारी बघतो. हे नेमकं उलट करायला हवं.

प्राणवायूचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे जुनेजाणतेही चुकतात. "हिवाळ्यात सगळ्यात खोल खड्डा गाठ" हा सल्ला तुला हमखास मिळेल. उत्तरेच्या मोठ्या, स्वच्छ तळ्यांत तो चालतोही. पण दक्षिणेकडच्या, शेतांच्या मधल्या, उन्हाळ्यात हिरव्यागार होणाऱ्या तळ्यांत तो फसवतो. बर्फाने झाकलेल्या तळ्याला वरून हवा मिळत नाही. तळाशी कुजणारा पाला आणि जिवाणू प्राणवायू संपवत जातात आणि ही कमतरता तळापासून वर चढते. म्हणजे जो खड्डा जानेवारीत भरलेला असतो, त्याचा तळ फेब्रुवारीच्या अखेरीस ओसाड होऊ शकतो. मासे मग खड्ड्याच्या वरच्या उतारावर येतात किंवा तळ सोडून मध्येच तरंगतात. माझी साधी परीक्षा अशी: जिवंत शायनर गळाला लावून तळाशी सोड, दहा मिनिटांनी वर घे. तळाशी मलूल पडणारा मासा पाच-सात फूट वर धरल्यावर पुन्हा वळवळायला लागत असेल, आणि दोन-तीन शायनरना हेच होत असेल, तर तिथून वर सरक. एकट्या शायनरवर निकाल देऊ नकोस, तो गळ लावतानाही दुखावलेला असू शकतो.

तरंगणाऱ्या माशांबद्दल एक सवय लावून घे. सगळे तळाकडे डोळे लावून बसतात. ज्या तळ्यात टुलिबी नावाचे मासे आहेत तिथे मोठे वॉलाय त्यांच्यामागे मधल्या पाण्यातही फिरतात. तळापासून आठ-दहा फूट वर एक जाड रेघ येऊन गेली तर ती सोडू नकोस. आमिष तिच्या वर उचल. वॉलाय खालून वर येऊन खातो, वरून खाली सहसा जात नाही.

मधल्या दिवसांत मासा खातो, पण पाठलाग कमी करतो. डिसेंबरात पाव औंसाचा खुळखुळणारा स्पून, म्हणजे धातूचं आमिष, उंच उडवला तरी तो झेपावायचा. आता एक अष्टमांश औंसाचा घे, त्याच्या गळावर फॅटहेड मिनो या छोट्या आमिष-माशाचं नुसतं डोकं लाव आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी ते बदल, कारण धुतलेल्या डोक्याला वास राहत नाही. दोन-तीनदा फूटभर उचलून पाड, एकदा तळाला आपटून चिखलाचा धूर उडव, मग सहा इंच वर आणून स्थिर धर. मासा पडद्यावर आला की हात गळून जातो किंवा माणूस जोरात हलवायला लागतो, हे दोन्ही टाळ. थरथर ठेवत हळूहळू वर घे, इंच-इंच. तो मागे येत असेल तर तो घेणार आहे. थांबला तर तूही थांब. परत खाली गेला तर पुन्हा पहिल्यापासून.

मिनेसोटाच्या आतल्या तळ्यांवर बर्फात एका माणसाला दोन गरी चालतात. दुसरी नुसती सोडून ठेव: साधा गळ, जिवंत मिनो शेपटीजवळ टोचलेला, थोडं शिसं, वर बॉबर (तरंगणारा गोळा), मिनो तळापासून वीतभर उंच. हातातल्या स्पूनच्या आवाजाने मासा जवळ येतो आणि बऱ्याचदा त्या गरीब मिनोला घेतो. जानेवारीअखेर माझे निम्मे मासे या दुसऱ्या गरीवर येतात. तंगूस ६ किंवा ८ पौंडांचं पुरे. जाड तंगूस थंडीत वेटोळी धरतं आणि हलका चावा हाताला कळत नाही.

सगळी तळी या नकाशाप्रमाणे वागत नाहीत. दोन अपवाद माहीत असलेले बरे. अप्पर रेड लेक इतकं उथळ आहे की जास्तीत जास्त खोली १५-१८ फुटांच्या घरात. तिथे 'खोल जाणं' म्हणजे सहा-आठ फुटांवरून बारा-तेरावर जाणं, पण आडवं अंतर मैलांचं. तळ सपाट, पाणी तपकिरी, दिवसभर खाणं चालू. तिथे उतार शोधण्यापेक्षा फिरत राहणाऱ्या कळपाला गाठणं महत्त्वाचं. (त्या तळ्याचा मोठा भाग रेड लेक ओजिब्वे राष्ट्राच्या हद्दीत आहे, तिथे आपल्याला मासेमारी करता येत नाही. आपल्यासाठी पूर्वेचा भाग आहे, सीमारेषा नकाशावर बघूनच चाल. नव्वदच्या दशकात तिथला वॉलाय जवळजवळ संपला होता. १९९९ मध्ये मासेमारी बंद झाली, राज्य आणि ओजिब्वे लोक दोघांनी मिळून पिल्लं सोडली आणि २००६ मध्ये तळं पुन्हा उघडलं. तिथे गळ टाकताना मला दर वेळी याची आठवण होते.)

दुसरं लेक ऑफ द वुड्स. कॅनडाच्या सीमेवर, बोडेट गावाच्या वरचं. दक्षिणेचा भाग म्हणजे सपाट तळाची ३०-३५ फुटांची अवाढव्य खोलगट थाळी. डिसेंबरात पाइन आयलंडच्या समोर १५-२० फुटांत मासा असतो, जानेवारीत तो मैलोनमैल आत, ३० फुटांच्या आसपास सरकतो. रिसॉर्टवाले बर्फावर रस्ते आखतात आणि आपली मासेमारीची घरं माशाच्या मागे सरकवत नेतात. त्या घरांच्या ओळी डिसेंबरात आणि फेब्रुवारीत कुठे असतात एवढं बघितलंस तरी मी वर सांगितलेली सगळी ओहोटी डोळ्यांनी दिसेल. तिथे वॉलायबरोबर त्याचा धाकटा भाऊ सॉगर लागतो. तो तळाला अगदी चिकटून राहतो आणि त्याच्या शेपटीच्या खालच्या टोकाला वॉलायसारखा पांढरा ठिपका नसतो. पाणी गढूळसर, म्हणून सोनेरी, गुलाबी आणि अंधारात चमकणारे रंग तिथे चालतात.

आता ओहोटी फिरते त्याबद्दल. फेब्रुवारीच्या शेवटी दिवस मोठा होतो, ऊन चढतं, हिम वितळून पाणी भोकांतून आणि भेगांतून खाली उतरतं आणि प्राणवायू घेऊन जातं. आत उजेडही पोचायला लागतो. अंडी घालणं बर्फ गेल्यावर, पाणी ६ ते ९ अंशांच्या आसपास आल्यावर होतं. जागा म्हणजे गोट्यांचा उथळ किनारा किंवा नदीचा खडकाळ प्रवाह. पण मासे आयत्या वेळी धावत जात नाहीत. ते महिनाभर आधीपासून त्या बाजूला सरकतात आणि जवळच्या उतारावर येऊन थांबतात. म्हणून आता प्रश्न बदलतो. 'खाणं कुठे' याच्या जोडीला 'हा मासा वसंतात अंडी कुठे घालणार' हेही विचार. ओढा मिळतो ती जागा, नदीचं मुख, गोट्यांची लांब खडपं. त्यांच्या समोरचं पहिलं उतरणारं टोक, १५ ते २५ फूट. गंमत अशी की तुझी डिसेंबरातली जागा तेव्हा पुन्हा जागी होऊ शकते, जर तिच्याजवळ गोटे असतील तर.

पण इथे कायदा आडवा येतो आणि तो योग्यच आहे. मिनेसोटाच्या आतल्या तळ्यांवर वॉलायचा हंगाम फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी संपतो. अंड्यांनी भरलेल्या माद्या एका जागी गोळा होतात तेव्हा त्यांना त्रास देऊ नये. लेक ऑफ द वुड्ससारख्या कॅनडाच्या सीमेवरच्या पाण्यात मात्र १४ एप्रिलपर्यंत मुभा असते. म्हणून मार्चमध्ये सगळे उत्तरेला निघतात. मासे किती आणि किती लांबीचे ठेवायचे हे तळ्यागणिक बदलतं, मिल लॅक्सला तर वर्षागणिकही. त्या वर्षाची नियमपुस्तिका बघितल्याशिवाय एकही मासा पिशवीत टाकू नकोस.

याच संदर्भात एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. खोल पाण्यात गेलास की मासे सोडण्याचा खेळ थांबव. वॉलायच्या हवेच्या पिशवीतली हवा पटकन बाहेर पडू शकत नाही. ३० फुटांच्या खालून ओढलेला मासा वर येईपर्यंत ती पिशवी फुगते, कधी डोळे बाहेर येतात, कधी पोट तोंडातून वर येतं. तो पाण्यात परत गेला तरी जगेलच असं नाही. खोलात मर्यादेपुरते मासे मिळाले की गरी गुंडाळ. "अजून पाच पकडून सोडू" म्हणणारा माणूस पाच मासे मारतो, फक्त ते त्याला दिसत नाहीत. सोडायचेच असतील तर २० फुटांच्या आतल्या जागा निवड.

बर्फाचं भान राख. चालायला किमान ४ इंच स्वच्छ, निळसर बर्फ हवा. पांढरा, दुधाळ बर्फ त्याच्या निम्म्या ताकदीचा, म्हणून तिथे दुप्पट जाडी. फेब्रुवारीत दोन फूट आहे म्हणून निर्धास्त होऊ नकोस, कारण मी तुला शेवटी पाठवतोय ते नदीच्या मुखाशी आणि ओढ्याच्या तोंडाशी. तिथे वाहत्या पाण्याने बर्फ खालून खाल्लेला असतो. लोखंडी पहार समोर आपटत चाल, गळ्यात बर्फाचे टोचे (पाण्यात पडलास तर बर्फात रोवून वर यायला) अडकव, कुणाला तरी कुठे चाललोय ते सांगून जा. तंबूत हीटर लावलास तर वरची हवा मोकळी ठेव आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आत टांग.

आता तुझ्या तळ्यापुरतं. राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या लेकफाइंडर या संकेतस्थळावर तळ्याचं नाव टाक. खोलीचा नकाशा आणि मत्स्यगणना दोन्ही तिथे फुकट मिळतात. गणनेत पर्च भरपूर दिसले तर चिखलाची कड धर, टुलिबी दिसले तर मधल्या पाण्यावरही लक्ष ठेव. मग नकाशावर आपलं पश्चिमेचं टोक शोध आणि तिथून हाताचं बोट खोल पाण्याकडे सरकव. १२ फुटांच्या रेषेवरून निघून जिथे रेषा विरळ होतात, म्हणजे उतार संपून सपाटी सुरू होते, ती जागा खूण कर. बहुतेक ती २२ ते २८ फुटांमध्ये असेल. डिसेंबरातले मासे आधी त्याच उताराने खाली गेले असणार, म्हणून शोध तिथूनच सुरू कर, तळ्याच्या दुसऱ्या टोकाला धावू नकोस. शनिवारी दुपारी एकपर्यंत बर्फावर पोच. उताराला आडवी एक रेष, दहा-दहा पावलांवर भोक. मग सपाटीच्या कडेने दुसरी रेष. प्रत्येक भोकात शिसं टाकून तळ तपास आणि वहीत लिही: खोली, कडक की मऊ, पडद्यावर काही आलं का. साडेचारला जे भोक सगळ्यात चांगलं वाटेल त्यावर बैस, दुसरी गरी शेजारच्या भोकात सोड, आणि सूर्य मावळल्यावर निदान चाळीस मिनिटं उठू नकोस.

मासा मिळाला तर त्याला झणझणीत तिखल्यात घालू नकोस, मांस नाजूक असतं. हळद, मीठ, कोकमाचं आगळ लावून पंधरा मिनिटं ठेव आणि रव्यात घोळून तव्यावर टाक. गालांचे दोन छोटे तुकडे वेगळे काढ, ते सगळ्यात गोड. आणि वहीतली ती पानं मला पाठव, पुढच्या शनिवारची रेष कुठे पाडायची ते बघून सांगतो.